मुशी कशासाठी वाचवायची? ‘अन्नसाखळी’ या उत्तराच्या पलीकडे

मुलाखतीत किंवा सेमिनारमध्ये कुणी विचारलं, की शार्कची बेसुमार मासेमारी का थांबवायला हवी, तर दहापैकी नऊ जणांचं उत्तर ठरलेलं असतं: शार्क हा सर्वोच्च भक्षक आहे, तो गेला की अन्नसाखळी कोलमडते. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. समोरच्या परीक्षकाने ‘पुरावा काय?’ असं विचारलं की बहुतेकांची गाडी तिथेच अडकते. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा विषय जरा खोलात वाचावा असं मला वाटतं. शार्क महत्त्वाचे आहेतच, पण एखादं पटण्यासारखं कारण आणि सिद्ध झालेलं कारण यात किती अंतर असतं, ते इथे फार स्वच्छ दिसतं. आणि त्या अंतराची किंमत एका भलत्याच प्राण्याने मोजली आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी शब्द. कोकणात शार्कला मुशी म्हणतात, लहान शार्कला मोरी. मालवणी खाणावळीतलं मोरीचं कालवण म्हणजे शार्कच, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. पाकट हे त्यांचे सख्खे भाऊबंद. दोघांचाही सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा. यापुढे मी ‘मुशी’ आणि ‘शार्क’ दोन्ही शब्द वापरणार आहे.

माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण अन्नसाखळीत नाही, मुशीच्या स्वतःच्या आयुष्यक्रमात आहे. नेट-सेटच्या अभ्यासक्रमात आपण आर-स्ट्रॅटेजी आणि के-स्ट्रॅटेजी पाठ करतो. बांगडा वर्ष-दोन वर्षांत वयात येतो, हजारो-लाखो अंडी पाण्यात सोडतो. त्यातली जवळपास सगळी मरतात. किती जगणार हे पाण्याचं तापमान, प्लवक, प्रवाह यांवर ठरतं. त्यामुळे माद्यांची संख्या निम्मी झाली तरी पुढच्या वर्षी पिल्लं निम्मीच होतील असं नाही. हंगाम चांगला लागला तर तूट भरूनही निघते. मत्स्यशास्त्रात या नात्याला स्टॉक-रिक्रूटमेंट म्हणतात, आणि हाडाच्या माशांत हे नातं बरंच सैल असतं.

मुशीत ते घट्ट असतं. पिल्लं थोडी, पण पूर्ण वाढलेली, बऱ्याचशा प्रजातींमध्ये आईच्या पोटातून थेट जिवंत बाहेर येणारी. माद्या निम्म्या झाल्या की पिल्लंही जवळपास निम्मी. वर वयात यायला लागणारा वेळ. ग्रेट व्हाइट शार्कच्या मादीला वायव्य अटलांटिकमध्ये वयात यायला साधारण ३३ वर्षं लागतात असा एक अंदाज आहे. स्पायनी डॉगफिश नावाची छोटी मुशी तर जवळजवळ दोन वर्षं गर्भ वागवते. हत्तीइतकंच. ग्रीनलंड शार्कच्या डोळ्याच्या भिंगातल्या किरणोत्सारी कार्बनवरून २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार ती वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षं घेते. (अपवाद आहेतच. १९९५ मध्ये तैवानजवळ मिळालेल्या एका व्हेल शार्क मादीच्या पोटात सुमारे ३०० भ्रूण होते. पण तीही सावकाशच वाढते.)

आता साधं गणित. बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जगभरातल्या पकडीचा अंदाज काढला: वर्षाला सुमारे १० कोटी शार्क. अंदाजाचा पल्ला मात्र ६ कोटी ३० लाखांपासून २७ कोटी ३० लाखांपर्यंत. बातम्यांमध्ये फक्त मधला आकडा येतो, पल्ला येत नाही. तुम्ही कुठेही हा आकडा वापराल तेव्हा पल्ल्यासकट वापरा. माझ्या दृष्टीने त्या लेखातली खरी कामाची जोडी वेगळीच आहे. दरवर्षी एकूण शार्कपैकी ६.४ ते ७.९ टक्के मारले जातात, आणि ६२ प्रजातींच्या आयुष्यक्रमावरून काढलेला त्यांचा भरून येण्याचा सरासरी दर आहे ४.९ टक्के. बँकेतल्या ठेवीवर पाच टक्के व्याज मिळतंय आणि आपण दरवर्षी सात टक्के काढतोय. मुद्दल वर्षाला दोन टक्क्यांनी खाली जाणार, म्हणजे साधारण ३५ वर्षांत निम्मं. सगळ्या प्रजाती एकाच खात्यात टाकून केलेला हा हिशोब ढोबळ आहे हे उघड आहे, पण दिशा त्यातून कळते. आणि इथे अन्नसाखळीचा संबंधच आलेला नाही. मुशी समुद्रात काय ‘काम’ करते हे कुणालाही माहीत नसतं, तरी ‘या दराने पकडलं तर मुशीच उरणार नाही, आणि मुशीवर पोट असणाऱ्याचा धंदाही उरणार नाही’ हे विधान टिकतं.

वयाच्या आकड्यांवर मात्र आंधळा विश्वास नको. मुशीचं वय मणक्यातल्या वलयांवरून मोजतात, झाडाच्या खोडासारखं. अडचण अशी, की मोठ्या वयात वाढ थांबत आली की वलयं उमटणंही मंदावतं. अणुचाचण्यांमुळे १९५०-६० च्या दशकांत समुद्रात मिसळलेला कार्बन खूण म्हणून वापरून तपासलं, तेव्हा अनेक प्रजातींमध्ये वलयं खऱ्या वयापेक्षा कमी निघाली. यात नुसती बौद्धिक गंमत नाही. वय कमी धरलं की वाढीचा आणि मृत्यूचा दर जास्त धरला जातो, त्यावरून भरून येण्याचा दर फुगतो, आणि त्यावर ठरवलेला पकडीचा कोटा धोकादायकरीत्या मोठा होतो. एखाद्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली चुकलेली पाच वलयं पुढे शेकडो टनांत दिसतात.

बरं, मुशी खरंच कमी झाल्या का? समुद्रात शिरगणती करता येत नाही. आपल्या हाती असते ती ठरावीक मेहनतीमागे मिळालेली पकड. लांब दोरीला लावलेल्या हजार गळांमागे किती मुशी आल्या, तसं काहीसं. २००३ मध्ये ज्युलिया बॉम यांच्या गटाने वायव्य अटलांटिकमधल्या बोटींच्या नोंदवह्यांवरून दाखवलं, की १९८६ पासून हॅमरहेड मुशी ८९ टक्क्यांनी घटल्या. दोन वर्षांतच इतर मत्स्यशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. उपलब्ध असलेली सगळी माहिती वापरलेली नाही, नोंदवहीत खलाशाने लिहिलेली प्रजाती बरोबरच असेल कशावरून, गळ टाकण्याची खोली मधल्या काळात बदलली त्याचं काय? घट झाली यावर दोन्ही बाजूंचं फारसं भांडण नव्हतं. वाद होता ती किती झाली यावर. मला हा वाद सुरुवातीच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असा वाटतो, कारण दोन्ही बाजूंना मुशीचं भलंच हवं होतं. नंतर पुरावा बराच जमला. २०२१ मध्ये नेचरमध्ये आलेल्या विश्लेषणानुसार खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, त्याच काळात त्यांच्यावरचा मासेमारीचा सापेक्ष दाब १८ पटींनी वाढला, आणि अशा ३१ पैकी २४ प्रजाती आता नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

आता ती अन्नसाखळी.

२००७ मध्ये सायन्समध्ये रॅन्सम मायर्स आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. (लेख छापून आला त्याच आठवड्यात मायर्स यांचं निधन झालं.) मांडणी मोहक होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या शार्कच्या ११ प्रजाती घटल्या. त्यामुळे त्यांचं भक्ष्य असलेले छोटे शार्क आणि पाकटं वाढली. त्यातलं काउनोज नावाचं पाकट, गाईच्या नाकासारख्या तोंडाचं, शिंपले फोडून खाणारं, बेसुमार वाढलं. त्याने नॉर्थ कॅरोलायनातले बे स्कॅलॉप हे शिंपले फस्त केले आणि २००४ पर्यंत तिथली शंभर वर्षांची शिंपल्यांची मासेमारी बंद पडली. शार्क, पाकट, शिंपला. तीन पायऱ्या, एकेक पायरी चढत-उतरत जाणारा परिणाम. पाठ्यपुस्तकांनी, माहितीपटांनी, शार्क वाचवणाऱ्या संस्थांनी ही गोष्ट उचलून धरली. धरणारच. शार्क मारलेत तर तुमच्या ताटातला शिंपला जाईल, यापेक्षा सोपा युक्तिवाद कुठला?

पण ही गोष्ट आणखी एका गटाने ऐकली. चेसापीक खाडीच्या परिसरातल्या शिंपले-धंद्याच्या लोकांनी तिचा सरळ अर्थ लावला: पाकट हा शत्रू आहे, मारा. ‘खाडी वाचवा, पाकट खा’ अशा अर्थाची मोहीम निघाली. धनुष्यबाणाने पाकटं मारण्याच्या स्पर्धा भरायला लागल्या. उन्हाळ्यात ही पाकटं पिल्लं घालायला खाडीत येतात, त्यामुळे मारल्या जाणाऱ्यांत गाभण माद्या भरपूर.

२०१६ मध्ये डीन ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी ही साखळी कडी-कडीने तपासली. काउनोज पाकटाची मादी सात-आठ वर्षांची झाल्यावर वयात येते आणि वर्षाला एकच पिल्लू देते. असा प्राणी काही दशकांत बेसुमार वाढतो हे गणितातच बसत नाही. शार्कची घट आणि पाकटांची म्हणून सांगितलेली वाढ यांचे काळ जुळत नाहीत. पाकटांच्या पोटात बे स्कॅलॉप आणि खाण्याजोगे कालव फारसे सापडतच नाहीत. आणि शिंपल्यांच्या घटीला इतर कारणं पुरून उरतात: जुनी अतिमासेमारी, रोग, समुद्री गवताचा ऱ्हास, १९८७ मध्ये आलेली विषारी शैवालांची लाट. म्हणजे साखळीतली जवळपास प्रत्येक कडी कच्ची. २०१७ मध्ये मेरीलँड राज्याने पाकट मारण्याच्या स्पर्धांवर तात्पुरती बंदी आणली.

यातला खेदाचा भाग नीट पाहा. मुशीला वाचवायचं ज्या कारणाने, म्हणजे उशिरा वयात येते आणि पिल्लं मोजकी देते म्हणून, नेमक्या त्याच कारणाने पाकटालाही वाचवायला हवं होतं. मुशीच्या बाजूने मांडलेल्या एका कच्च्या युक्तिवादामुळे तिच्याच भाऊबंदाची शिकार झाली. ‘हेतू चांगला आहे ना, मग पुरावा थोडा सैल असला तर काय बिघडलं?’ असं कुणी म्हणालं की मला ही पाकटं आठवतात.

मग सर्वोच्च भक्षकाचं महत्त्व वगैरे सगळं बाद का? नाही. भक्कम उदाहरणंही आहेत, फक्त त्यांना मेहनत लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या उपसागरात मायकेल हाइटहाउस यांचा गट अनेक वर्षं टायगर शार्कवर काम करतोय. तिथे उथळ पाण्यात समुद्री गवताची विस्तीर्ण कुरणं आहेत आणि त्यावर चरणारे ड्यूगाँग, म्हणजे समुद्रगाई, आणि कासवं. उन्हाळ्यात टायगर शार्क वाढले की ड्यूगाँग उत्तम गवत सोडून कुरणाच्या कडेला सरकतात, जिथून खोल पाण्यात निसटता येतं. मुळासकट गवत उकरून खाणंही ते टाळतात, कारण डोकं वाळूत खुपसलं की मागून येणारं दिसत नाही. शार्कने किती ड्यूगाँग मारले हे इथे दुय्यम आहे. कुरण राखलं जातं ते मुख्यतः भीतीमुळे. आपल्याकडे शेतात प्रत्येक रानडुक्कर मारावं लागत नाही, राखणदार बसलाय एवढं कळलं तरी फरक पडतो, तसं.

२०११ मध्ये तिथे समुद्री उष्णतेची लाट आली आणि गवत मोठ्या प्रमाणावर मेलं. या गटाने मग एक सुंदर प्रयोग केला. पाणबुड्यांनी ठरावीक चौकोनांत ड्यूगाँगसारखं गवत उकरून काढलं, जणू शार्क नाहीत आणि ड्यूगाँग निर्धास्त चरताहेत, आणि शेजारचे चौकोन तसेच ठेवले. उकरलेल्या जागी गवत सावरण्याऐवजी आणखी ढासळलं आणि कुरणाची घडणच बदलत गेली. निरीक्षण, वर्तन आणि प्रयोग, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ‘भक्षक गेला तर’ हे विधान वजनदार होतं. पण हे शार्क बेमधलं. प्रवाळांवरच्या मध्यम आकाराच्या शार्कबाबत असा पायऱ्यापायऱ्यांचा परिणाम दाखवणारा पुरावा बराच अस्पष्ट आहे. ‘शार्क गेले की समुद्र मरतो’ असं सरसकट वाक्य प्रबंधात लिहिलंत तर चांगला परीक्षक लाल रेघ मारेलच.

उपायांकडे वळलं की आणखी एक ठरलेली समजूत भेटते: सगळा दोष सूपचा. पंख कापून जिवंत मुशी पाण्यात फेकून देण्याची प्रथा भयंकर आहेच, आणि तिच्याविरुद्ध अनेक देशांनी कायदे केले. भारतानेही २०१३ मध्ये पंख अंगाला जोडलेले ठेवूनच मुशी किनाऱ्यावर आणण्याचं धोरण आणलं आणि २०१५ मध्ये पंखांच्या निर्यातीवर बंदी घातली. पण वर्म यांच्याच गटाने २०२४ मध्ये दाखवलं, की असे कायदे झपाट्याने वाढत असतानाच मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या २०१२ मधल्या ७ कोटी ६० लाखांवरून २०१९ मध्ये ८ कोटींच्या पुढे गेली. पंख कापण्यावर बंदी म्हणजे मारण्यावर बंदी नव्हे. मुशी अख्खी किनाऱ्यावर आली, मग मांसालाही बाजार मिळाला. मृत्यू कमी झाले ते प्रामुख्याने जिथे शार्क पकडण्यावरच बंदी आहे किंवा कडक प्रादेशिक नियमन आहे तिथे. अमेरिकेने अटलांटिक किनाऱ्यावर १९९३ पासून शार्कसाठी व्यवस्थापन योजना राबवली, आणि तिथल्या ग्रेट व्हाइटसह काही प्रजाती सावरताना दिसताहेत. वेळ लागला, कारण व्याजाचा दरच तेवढा आहे.

आता घरची गोष्ट. शार्क आणि पाकटं सर्वाधिक पकडणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत आहे. तूतूरसारख्या काही ठिकाणचे मच्छीमार सोडले तर आपल्याकडे मुद्दाम मुशीच्या मागे जाणारे थोडे. बहुतेक मुशी ट्रॉलच्या आणि इतर जाळ्यांत बाकीच्या मासळीबरोबर येते आणि मांस इथेच खपतं. बाळंतिणीला मोरी चांगली असं कोकणात म्हणतातच. त्यामुळे हाँगकाँगमधल्या सूपवर टाकलेल्या बहिष्काराने ससून डॉकवर किंवा मिरकरवाड्याला उतरणाऱ्या मुशीत फार फरक पडणार नाही.

कायद्याचा अनुभवही बोलका आहे. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घेतलं गेलं. त्यामागे गुजरातच्या किनाऱ्यावरची मोठी शिकार आणि ती जगासमोर आणणारा माईक पांडे यांचा माहितीपट होता. पुढे जुलैमध्ये सरकारने एकदम सगळ्याच शार्क-पाकटांवर बंदी घातली. मच्छीमारांनी साहजिकच ओरड केली. जाळ्यात काय येणार हे तो ठरवत नाही आणि येईल ते फेकून देणं त्याला परवडत नाही. डिसेंबरमध्ये यादी दहा प्रजातींवर आली. २०२२ च्या दुरुस्तीने ती पुन्हा बरीच वाढवली आहे. व्हेल शार्कबाबत मात्र कायद्याला २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाच्या मोहिमेची जोड मिळाली. मोरारी बापूंनी तिला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं, जाळं कापून तिला सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली, आणि शेकडो व्हेल शार्क सोडले गेले. माझं मत असं, की यात लेकीची उपमा जितकी कामाला आली तितकीच भरपाईही. ती नसती तर फाटक्या जाळ्याचा खर्च एकट्या मच्छीमाराच्या डोक्यावर गेला असता.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्वात जास्त दिसणारी मुशी आहे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. बीएस्सीला आपण सगळ्यांनी जिचं विच्छेदन केलं किंवा निदान आकृती काढली, तीच. पाऊण मीटरच्याही आतली. ती एक-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेतात दहा-पंधरा पिल्लं देऊ शकते. म्हणजे मुशी असूनही तिचा व्याजाचा दर चांगला आहे, आणि काळजीपूर्वक केलेली मासेमारी ती सोसूही शकेल. तिच्याच टोपलीत कोवळी हॅमरहेड पडलेली असते. ही हॅमरहेडची प्रजाती, स्फिर्ना लेविनी, आययूसीएनच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. सावकाश वाढणाऱ्या मुशींमध्ये एकूण संख्येवर सर्वात जास्त परिणाम पिल्लं किती झाली याचा नसतो, झालेली पिल्लं वयात येईपर्यंत किती जगली याचा असतो. आणि उथळ पाण्यात ट्रॉल नेमका त्याच वयावर घाला घालतो. बाजारात मात्र दोन्ही ‘मोरी’च. एकाच भावाने, एकाच पाटीत.

त्यामुळे ‘मोरी खावी की नाही?’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर मी देत नाही. कुठली मोरी, केवढी, कुठून आणि कुठल्या महिन्यात पकडलेली, हे आधी कळायला हवं. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. एकाच बंदरावर वर्षभर दर आठवड्याला जायचं, उतरलेल्या प्रत्येक मुशीची प्रजाती, लांबी आणि लिंग नोंदवायचं, ज्या नराचे क्लास्पर कडक झालेत तो वयात आलेला असं धरायचं, तांडेलाला किती वाव पाण्यात जाळं टाकलं ते विचारायचं. एवढ्यातून कोवळ्या हॅमरहेड कुठल्या महिन्यात आणि किती खोलीवर येतात हे कळू शकतं. तेवढं कळलं तर अख्ख्या किनाऱ्यावर वर्षभर बंदी घालण्याऐवजी ठरावीक पट्टा ठरावीक आठवड्यांपुरता टाळा, असं तांडेलाला सांगता येईल. खर्च लागतो तो मोजपट्टी, वही आणि पहाटे चारच्या एसटीचा.